राथ केर्न: बावीस एकर आणि शेजार

आयर्लंडच्या ग्रामीण भागात पत्ता विचारला तर घर क्रमांक किंवा रस्त्याचं नाव क्वचितच कानावर येतं. येतं ते टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे शीव ठरलेला आणि स्वतःचं नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा. आपल्या महसुली गावाच्या जवळचा, पण बहुधा त्याहून लहान. सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास. देशभरात असे साठ हजारांहून जास्त तुकडे आहेत. सतराव्या शतकात विल्यम पेटीने जप्त जमिनींची मोजणी केली तेव्हा ते कागदावर आले, आणि १८२५ पासून सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हेने त्यांच्या शिवा नकाशावर पक्क्या केल्या. २०१५ मध्ये एअरकोड ही पिनकोडसारखी पद्धत येईपर्यंत खेड्यातला पोस्टमन याच नावांवर आणि माणसांच्या ओळखीवर पत्रं पोचवत असे.

बहुतेक टाउनलँडचा इतिहास मालक, कुळं, खंड आणि परागंदा झालेली घराणी यांतच संपतो. मीथ काउंटीतल्या अ‍ॅथबॉय या बाजारगावाजवळच्या राथ केर्नची गोष्ट वेगळी आहे. डब्लिनपासून साठेक किलोमीटरवर, सपाट, हिरव्यागार चराऊ जमिनीच्या मधोमध हे ठिकाण आहे. आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी, आणि इथे आयरिश. ही भाषा इथे पूर्वापार उरलेली नाही. ती १९३५ मध्ये देशाच्या पश्चिम टोकावरून, माणसांसकट, सरकारी योजनेतून आणली गेली. तशाच योजनेतून याच काउंटीत आणखी वसाहती वसवल्या गेल्या, पण तिथे भाषेचा संसार असा थाटला नाही. एकच खातं, एकच काउंटी, जवळपास तीच वर्षं, तेवढीच जमीन. मग फरक कशाने पडला? या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो या प्रश्नासाठी.

खडकावरची माणसं

सुरुवात कॉनेमारापासून करावी लागते. गॉलवे काउंटीचा हा अटलांटिकला लागून असलेला भाग. लेटरमोर आणि भोवतालची बेटं, कॅरारो, रॉसमक, कार्ना. ग्रॅनाइटचा खडक, त्यावर दलदल, आणि मध्येमध्ये माणसाने हाताने तयार केलेली माती. ‘तयार केलेली’ हे शब्दशः खरं आहे. समुद्रातलं शेवाळ आणि वाळू पाठीवरच्या टोपल्यांनी वाहून आणून दगडांमधल्या खळग्यांत पसरायची, आणि त्यात बटाटे लावायचे. नांगर फिरवण्याएवढी सलग जागाच नसल्याने सगळं काम फावड्याने. जोडीला मासेमारी, शेवाळ जाळून केलेली राख विकणं, आणि होडीतून पीट, म्हणजे दलदलीतून कापलेलं वाळकं इंधन, दुसरीकडे नेऊन विकणं.

एवढ्यावर घर चालत नसे. ते चालायचं बॉस्टनहून येणाऱ्या पाकिटांवर. १९२९ नंतर अमेरिकेतली मंदी आली, तिकडची कामं गेली, पाकिटं रोडावली आणि तिकडे जाण्याची वाटही अरुंद झाली. ब्रिटिश सरकारने १८९१ मध्येच अशा भागांसाठी ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नेमलं होतं. दाटीचे जिल्हे, असा त्याचा अर्थ. दाटी माणसांची म्हणायची खरी, पण कमी होती ती जमीन.

आणि याच खडकांत आयरिश भाषा उरली होती. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि त्यांत मोठा वाटा आयरिश बोलणाऱ्या गरिबांचा होता. सुपीक पूर्वेकडे इंग्रजी आधीच रुळली होती. १९२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या राज्याने आयरिशला राष्ट्रभाषा केलं, शाळांत सक्तीची केली, पण ती घरात बोलणारे लोक मात्र अशा ठिकाणी होते जिथून प्रत्येक पिढीला निघून जावंच लागे. अशा भागांना गेल्टाख्त म्हणतात. राज्य ज्या भाषेच्या नावाने शपथा घेत होतं, ती बोलणारं पोर आगबोटीत चढलं की पहिली गरज इंग्रजीची. हा अंतर्विरोध सरकारला दिसत नव्हता असं नाही. तो सोडवायला जमीन लागणार होती, आणि जमीन दुसऱ्या कोणाकडे तरी होती.

गवताचा मुलूख

ती होती मीथमध्ये. देशातली सर्वांत कसदार म्हणावी अशी माती, आणि तिच्यावर मोठमोठ्या चराऊ इस्टेटी. दुष्काळानंतर इथे कुळं हटवून गुरं आली. शेकडो एकरांवर गुराख्यांची दोन-चार घरं, बाकी गवत. हे गुरं पोसून इंग्लंडला विकण्याचं अर्थकारण होतं, आणि ते मोडावं अशी मागणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच होती. रात्री दुसऱ्याची गुरं रानोमाळ हाकलून देण्याच्या चळवळीही याच भागात झाल्या.

१९३२ मध्ये इमन डी व्हॅलेरा सत्तेवर आले. ब्रिटनला द्यायचे जमिनीचे हप्ते त्यांनी रोखले, ब्रिटनने उत्तरादाखल आयरिश गुरांवर जकात बसवली आणि गुरांचे भाव कोसळले. मोठ्या चराऊ मालकांची ताकद नेमकी याच वेळी ढिली झाली. १८८१ पासून असलेल्या लँड कमिशनला, म्हणजे जमिनीचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याला, सक्तीने जमीन संपादन करण्याचे अधिकार १९२३ च्या कायद्याने मिळालेच होते. १९३३ च्या कायद्याने ते आणखी धारदार झाले.

आता हत्यार होतं आणि संधीही होती. पण खातं आपल्या गतीने चालतं. ते हलवलं कॉनेमारातल्या माणसांनी. ‘मुंचर ना गेल्टाख्टा’ नावाची त्यांची संघटना उभी राहिली. तिच्यात पुढे आयरिशमधला मोठा कादंबरीकार म्हणून ओळखला गेलेला मार्टिन ओ काईन हा तरुण शाळामास्तर आघाडीवर होता. त्यांची मागणी साधी होती: आम्हाला एकेकट्याला नको, एकत्र हलवा, आणि चांगल्या जमिनीवर हलवा. १९३४ मध्ये त्यांच्यातले काही जण सायकलींवरून कॉनेमाराहून डब्लिनला गेले आणि डी व्हॅलेरांना भेटले. दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर, तेव्हाचे रस्ते. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच आहे, जमीन वाटप नव्हे. जे लोक पुढे राथ केर्नला गेले ते सरकारने उचलून नेलेले नव्हते. त्यांनी जागा मागून घेतली होती.

सत्तावीस कुटुंबं

१९३५ च्या वसंतात पहिली सत्तावीस कुटुंबं आली. प्रत्येकाला सुमारे बावीस एकर जमीन, लँड कमिशनच्या एकाच नमुन्याचं नवं घर, गोठा, एक डुकरीण आणि तिची पिल्लं, शेतीची जुजबी अवजारं. बावीस एकर हा आकडा मराठी वाचकाला बागायतदाराचा वाटेल. पण तिथलं हवामान, गवताची शेती आणि गुरांचा धंदा धरला तर ते एका कुटुंबाचं पोट कसंबसं भरणारं क्षेत्र होतं. कॉनेमारातल्या खळग्यांशी तुलना केली तर मात्र स्वप्नच. १९३७ मध्ये आणखी काही कुटुंबं शेजारच्या लॅम्बी भागात आली, म्हणजे आज ज्याला राथ केर्न म्हणतात ती वसाहत मूळ टाउनलँडच्या शिवेबाहेरही पसरलेली आहे.

आलेल्या माणसांना घोड्याच्या नांगराची सवय नव्हती. समुद्र नव्हता, त्यामुळे मासे नाहीत, शेवाळ नाही, होडीही नाही. घरं पूर्वीसारखी घोळक्याने नव्हती. आपापल्या जमिनीच्या तोंडाशी, रस्त्याकडेला, मध्ये अंतर राखून. थोरल्यांपैकी अनेकांचं इंग्रजी बाजारात अडखळणारं.

त्यात स्थानिकांचा रोष. तो समजून घेतला पाहिजे, कारण आयरिशप्रेमी लोक ही गोष्ट सांगताना मीथच्या मजुरांना सरळ खलनायक करून टाकतात. त्या इस्टेटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेले भूमिहीन लोक तिथे होते. इस्टेट मोडली की आपल्याला तुकडा मिळेल ही त्यांची आशा तीस-चाळीस वर्षांची होती. आणि तुकडे पडले तेव्हा, देशाच्या दुसऱ्या टोकाची, आपल्याला न समजणारी भाषा बोलणारी माणसं नवी घरं आणि डुकरिणींसह तिथे हजर. काही स्थानिकांनाही जमीन मिळाली, पण सगळ्यांना पुरेल एवढी कुठून येणार? भाषेविषयीची नाराजी होती ती मुख्यतः या जमिनीच्या नाराजीवर चढलेली होती.

या परिसराचा एक योगायोग इथे सांगायलाच हवा. अ‍ॅथबॉयजवळच १८६३ मध्ये यूजीन ओ’ग्रोनी जन्मले. आयरिश शिकवणारे त्यांचे सोपे पाठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघर पोचले. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगची ती जणू अंकलिपीच होती. पण ओ’ग्रोनी यांची स्वतःची घरची भाषा इंग्रजीच. आयरिश त्यांनी मोठेपणी मेहनतीने शिकून घेतली, कारण त्यांच्या मुलखात ती मरणपंथाला लागली होती. १८९९ मध्ये ते कॅलिफोर्नियात वारले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी त्यांच्याच परिसरात आयरिशशिवाय दुसरं काही न बोलणारी मुलं आली. राथ केर्नच्या प्राथमिक शाळेला त्यांचंच नाव आहे. अ‍ॅथबॉय आणि राथ केर्न यांच्या दरम्यान हिल ऑफ वॉर्ड ही टेकडी आहे. मध्ययुगीन आयरिश कथांत तिला ट्लाख्टगा म्हणतात आणि हिवाळ्याच्या आरंभीच्या अग्नीशी तिचं नातं सांगतात. पर्यटनाच्या पत्रकांना ही टेकडी आवडते. मला ओ’ग्रोनींची शाळा जास्त बोलकी वाटते.

गिब्सटाउनशी तुलना

राथ केर्नचा अनुभव बरा दिसल्यावर लँड कमिशनने १९३७ पासून नव्हान शहराच्या पलीकडे गिब्सटाउन इथे दुसरी वसाहत उभी केली. ती मोठी होती. पन्नासहून अधिक कुटुंबं. कागदावर पाहिलं तर तिची भाषा टिकायला जास्त वाव होता, कारण माणसं जास्त. प्रत्यक्षात तिथे इंग्रजी लवकर आणि खोलवर शिरली.

कारणांची चर्चा बरीच झाली आहे, आणि सगळ्यांत वारंवार सांगितलं जाणारं कारण मला पटतं. राथ केर्नचे जवळजवळ सगळे दक्षिण कॉनेमाराचे. एकमेकांचे नातलग, सोयरे, एकाच चर्चमध्ये जाणारे. गिब्सटाउनला कुटुंबं आणली ती डोनेगल, मेयो, केरी अशा वेगवेगळ्या काउंट्यांतून. आयरिश एकच भाषा, पण तिच्या तीन मोठ्या बोली आहेत आणि त्या अगदी रोजच्या बोलण्यात वेगळ्या पडतात. ‘कसा आहेस’ एवढंच विचारायचं तर डोनेगलचा माणूस ‘गजे मर अता तू’ म्हणेल, कॉनेमाराचा ‘के ही विल तू’, आणि केरीचा ‘कॉनस टॉ तू’. मोठ्यांना थोड्या सरावाने समजतं. पण शाळेच्या पटांगणात दुसऱ्याच्या बोलीला हसण्यापेक्षा सगळ्यांना सारखीच परकी असलेली भाषा सोपी पडते. मुलांनी मधली भाषा म्हणून इंग्रजी घेतली आणि ती घरी आणली.

बोलीचं कारण पटलं तरी ते एकटं पुरेसं नाही. मला त्याच्यामागे दुसरं कारण दिसतं. राथ केर्नची माणसं चळवळीतून आलेली, म्हणजे येण्याआधीच एकमेकांबरोबर सभा घेतलेली, अर्ज लिहिलेली, मंत्र्यांशी भांडलेली. गिब्सटाउनची निवड खात्याने केली. घरं तशीच, जमीन तेवढीच, पण गावकी म्हणून जे काही असतं ते तिथे शून्यापासून घडवायचं होतं, आणि तेही तीन बोलींमधून. त्यानंतर १९३९ च्या सुमारास किलब्राइड आणि अ‍ॅलनस्टाउन भागांत आणखी छोटे गट बसवले गेले. त्यांची भाषा वसाहत म्हणून उरली नाही, आणि पुढे त्यांना गेल्टाख्तचा दर्जाही मिळाला नाही. मग युद्ध आलं, योजनेमागचा उत्साह ओसरला. लँड कमिशनने पश्चिमेकडची कुटुंबं पूर्वेला हलवणं पुढेही चालू ठेवलं, पण भाषेसाठी वसाहत वसवण्याचा प्रयोग थांबला.

बत्तीस वर्षं बिनदर्जा

विचित्र गोष्ट अशी की ज्या राज्याने भाषेसाठी माणसं हलवली, त्यानेच त्यांना भाषिक क्षेत्र म्हणून मानलं नाही. १९५६ मध्ये गेल्टाख्तसाठी स्वतंत्र खातं झालं आणि गेल्टाख्तच्या हद्दी हुकुमाने ठरवल्या गेल्या, तेव्हा मीथचं नाव त्यात नव्हतं. हद्दीबाहेर राहिलं की त्या खात्याच्या घरबांधणी आणि उद्योगाच्या मदतीही नाहीत. राथ केर्नकरांनी मोहीम चालवली, आणि १९६७ मध्ये राथ केर्न व गिब्सटाउन यांना अधिकृत दर्जा मिळाला. येऊन बत्तीस वर्षं झाली होती.

तोवर बावीस एकरांचा हिशेब उघडा पडला होता. युरोपभर शेती यंत्रांची आणि मोठ्या क्षेत्रांची होत असताना एवढ्याशा जमिनीवर एक मुलगा कसाबसा राहील, बाकीच्यांनी काय करायचं? चाळीस आणि पन्नासच्या दशकांत मुलं इंग्लंडला गेली, अगदी कॉनेमारातल्यासारखीच. दारख ओ कहानचं उदाहरण घ्या. लेटरमोर परिसरात जन्मलेला हा मुलगा १९३५ मध्ये आईवडिलांबरोबर राथ केर्नला आला, आणि शान-नोस या साथीशिवाय गायच्या जुन्या गायकीचा मोठा गायक झाला. संगीतकार शॉन ओ रिआडा त्याला फार मानत. त्याचं आयुष्य मात्र मोठ्या प्रमाणात लीड्समध्ये गेलं. शेतीची योजना म्हणून राथ केर्न अपयशी ठरलं असं मी म्हणेन. स्थलांतर थांबवण्याचा तिचा हेतू एक पिढीसुद्धा टिकला नाही.

गाव सावरलं ते शेतीबाहेरच्या कामाने. १९७३ मध्ये राथ केर्नची सहकारी संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास कॉनेमारात आयरिश नभोवाणी सुरू झाली होती आणि गेल्टाख्तच्या तरुणांची नागरी हक्कांची चळवळ ताजी होती; हवा अनुकूल होती. संस्थेने समाजमंदिर, क्लब आणि त्यातला बार उभा केला, उन्हाळी आयरिश वर्ग सुरू केले. शहरी मुलं येऊन गावातल्या घरांत राहतात, यजमानीणबाईंना त्याचे पैसे मिळतात, आणि घरात आयरिश बोलण्याला रोकड किंमत येते. पुढे माध्यमिक शाळाही आली, म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी मूल इंग्रजी शाळेत जाण्याची सक्ती उरली नाही. पश्चिमेहून आलेली गाणी आणि पायांनी ताल धरणारा शान-नोस नाच क्लबात चालू राहिले. इथली आयरिश आजही कॉनेमाराच्या वळणाची आहे.

आता

२०१६ च्या जनगणनेत मीथच्या दोन्ही गेल्टाख्त भागांची मिळून लोकसंख्या १,८५७ होती. हा आकडा माणसांचा आहे, भाषिकांचा नाही. देशभरातल्या गेल्टाख्तमध्ये त्या वेळी ९६,०९० लोक राहत होते आणि शिक्षणाच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे होते २०,५८६. गेल्टाख्त म्हणून नकाशावर असणं आणि घरात भाषा असणं यांतली दरी एवढी मोठी आहे. २०१२ च्या कायद्याने म्हणूनच नुसत्या हद्दीवर दर्जा ठरवणं सोडलं आणि प्रत्येक भागाला स्वतःचा भाषा-आराखडा करून राबवायला लावला. मीथचे दोन्ही भाग अशा एकाच आराखड्यात आहेत.

१९३५ ला राथ केर्नची अडचण होती दूर असणं. आता अडचण आहे जवळ असणं. डब्लिनला रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल एवढ्या अंतरावर, चांगल्या शाळा असलेलं हिरवं गाव. घरांना मागणी येणारच. डब्लिनहून येणारं कुटुंब मुलांना आयरिश शाळेत आनंदाने घालतं, पण पटांगणात त्या मुलांची भाषा इंग्रजी असते. गिब्सटाउनला जे बोलींनी केलं ते इथे चांगल्या हेतूने आलेले शेजारी करू शकतात. काउंटीच्या नियोजन धोरणात त्यामुळे गेल्टाख्तमधल्या नव्या घरांसाठी भाषेची अट घातलेली आहे: घर बांधायचं तर आयरिश येत असल्याचं दाखवा.

या अटीविरुद्ध युक्तिवाद सोपा आहे. जमीन माझी, घर माझं, आणि परवानगीसाठी तोंडी परीक्षा कसली? शिवाय गावातच वाढलेल्या, पण बाहेरच्या मुलीशी लग्न केलेल्या मुलाचं काय, हा प्रश्नही येतो. अट राबवायची तर भाषा तपासायची कोणी, किती, आणि घर पुढे विकलं तर ती लागू राहते का, हे सगळे कटकटीचे प्रश्न आहेत. तरीही अट राहावी असं माझं मत आहे. शाळा, क्लब, उन्हाळी वर्ग, सहकारी संस्था हे सारं सत्तावीस कुटुंबं शेजारी-शेजारी बसली म्हणून उभं राहिलं, आणि गिब्सटाउनला पन्नास कुटुंबांच्या जमिनीनेही ते झालं नाही. अट सैल करायचीच असेल तर ती अशांसाठी करावी जे येताना आयरिश आणत नाहीत, पण मूल पहिलीत जाण्याआधी स्वतः शिकायला तयार आहेत, आणि त्यांच्यासाठी संध्याकाळच्या वर्गांचा खर्च काउंटीने उचलावा.